पऱ्हाटी, केळीचं खोड आणि इथेनॉल: खान्देशातल्या शेतकचऱ्यातून खरंच इंधन निघतं का?

"फेकून देता ते केळीचं खोड? त्यातून लाखो कमवा!" असा एखादा रील तुमच्याही फीडमध्ये येऊन गेला असेल. कधी खोडापासून साडी, कधी पऱ्हाटीपासून पेट्रोल. खाली कमेंटमध्ये दोन गट असतात. एक म्हणतो, "आपल्या जळगावात का नाही होत हे?" दुसरा म्हणतो, "सगळं फेक आहे."

खरं उत्तर या दोघांच्या मधलं आहे. विज्ञान खरं आहे, कारखानेही खरे आहेत. पण शेतातली काडी आणि पंपावरचं इंधन यांच्यामध्ये जे होतं, ते तीस सेकंदांच्या रीलमध्ये मावत नाही. म्हणून हा एक्सप्लेनर.

घाई असेल तर एवढं वाचा

- झाडाच्या काडीत साखर असते, पण ती सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज या रूपात कुलूपबंद असते. कुलपाचं नाव लिग्निन.
- हे कुलूप उघडून इथेनॉल करता येतं. पण ते खर्चिक आहे, आणि जगातले मोठे प्रकल्पही त्यात अडखळले आहेत.
- कोरडी पऱ्हाटी आणि ओलं केळीचं खोड यांचे रस्ते वेगळे आहेत. एकाच यंत्रात दोन्ही घालून चालत नाही.
- खरी अडचण बहुतेक वेळा प्रयोगशाळेत नसते, ती ट्रॉलीत आणि काट्यावर असते.

बायोमास म्हणजे नेमकं काय?

वनस्पतींपासून मिळणारा कोणताही सेंद्रिय पदार्थ म्हणजे बायोमास. उसाचं बगॅस, गव्हाचं काड, तुराट्या, मक्याची कणसं काढल्यावर उरलेली धाटं, कपाशी वेचून झाल्यावर उभी राहिलेली पऱ्हाटी, घड कापल्यावर उरलेलं केळीचं खोड, हे सगळं त्यात आलं.

यातलं पुष्कळसं "कचरा" नसतंच. ज्वारीचा कडबा जनावरं खातात, बगॅस कारखान्याच्या बॉयलरला लागतं. ज्याला जनावरं फारशी तोंड लावत नाहीत आणि जे पुढच्या पिकाच्या आड येतं, तेच शेवटी बांधावर पेटवलं जातं. खान्देशात त्यात पऱ्हाटी पहिली आणि केळीचं खोड दुसरं.

खान्देशात हे किती निघतं?

आधी कपाशी. अलीकडच्या वर्षांत जळगाव जिल्ह्यात कपाशीचं क्षेत्र साधारण साडेचार ते साडेपाच लाख हेक्टर असतं, तर धुळ्यात दोन लाखांच्या आसपास. एका हेक्टरमधून साधारण २ ते ३ टन पऱ्हाटी निघते, असा संशोधकांचा ढोबळ अंदाज आहे. कोरडवाहू शेतात कमी, बागायतीत जास्त. म्हणजे दोन टनांचाच हिशोब धरला तरी दोन जिल्ह्यांत मिळून दरवर्षी १३ ते १५ लाख टन पऱ्हाटी. देशभरात हा आकडा सुमारे २.५ ते ३ कोटी टनांच्या घरात जातो.

आता केळी. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर हा केळीचा पट्टा. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जिल्ह्यात ५० हजार हेक्टरहून अधिक क्षेत्र या पिकाखाली आहे. केळीच्या एका झाडाला एकदाच घड लागतो. घड कापला की खोडाचं काम संपलं. हेक्टरी ६० ते ८० टन खोड उरतं. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण एक गोष्ट लक्षात ठेवा: त्यातलं ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. कोरडा माल हेक्टरी पाच-सात टनच. ही एक ओळ पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

मग यातून साखर काढणं इतकं अवघड का?

कपाशीच्या एकाच झाडावरून हे समजून घेता येतं. बोंडातला कापूस म्हणजे ९० टक्क्यांहून अधिक शुद्ध सेल्युलोज. आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या हजारो कणांची लांब माळ. त्याच झाडाच्या काडीतही सुमारे ४० टक्के सेल्युलोज असतं. म्हणजे बोंडात आणि काडीत माल एकच, पण एकाला क्विंटलने भाव आणि दुसऱ्याला काडेपेटी.

फरक पडतो तो सोबतीमुळे. काडीत सेल्युलोज एकटं नसतं. त्याच्याभोवती हेमिसेल्युलोजचं जाळं असतं आणि या दोघांना घट्ट बांधून ठेवतं लिग्निन. घराच्या भिंतीत सळई, तार आणि सिमेंट असतं, तसंच हे. सेल्युलोज सळई, हेमिसेल्युलोज तार, लिग्निन सिमेंट. या सिमेंटमुळेच झाड वाऱ्यात ताठ उभं राहतं आणि पावसात कुजत नाही. झाडाच्या दृष्टीने ही सोय आहे, कारखान्याच्या दृष्टीने डोकेदुखी. पऱ्हाटीत लिग्निन साधारण पाव हिस्सा असतं. म्हणून ती गव्हाच्या काडापेक्षा लाकडाच्या जास्त जवळची आहे.

दुसरं कारण सेल्युलोजच्या स्वतःच्या बांधणीत आहे. यासाठी धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाला जाऊ. तिथे युनिव्हर्सल स्टार्च केम ही कंपनी मक्यापासून स्टार्च आणि लिक्विड ग्लुकोज बनवते. स्टार्चसुद्धा ग्लुकोजचीच माळ. मग मक्याच्या दाण्यातून ग्लुकोज काढणं जमतं, तर मक्याच्या धाटातून का नाही? कारण स्टार्चच्या माळेत सगळे मणी एकाच बाजूला तोंड करून ओवलेले असतात. माळ वळते, सैल राहते, पाणी आत शिरतं. सेल्युलोजच्या माळेत एक सोडून एक मणी उलटा असतो. त्यामुळे माळा सरळ राहतात, एकमेकींना चिकटून थप्पी लावतात आणि आत पाण्यालाही सहज शिरता येत नाही.

आपल्या पोटात स्टार्च फोडणारी व्यवस्था आहे, सेल्युलोज फोडणारी नाही. म्हणून आपण भाकरी पचवतो, कडबा नाही. गायीलाही हे काम स्वतःला येत नाही, तिच्या पोटातले सूक्ष्मजीव ते करतात. म्हणून तर ती तासन्‌तास रवंथ करत बसते. थोडक्यात, बायोमासचा कारखाना म्हणजे गायीचं पोट स्टीलच्या टाकीत उभं करायचा खटाटोप.

काडीपासून इथेनॉल: टप्पे कोणते?

१. बारीक करणं. पऱ्हाटीची कुट्टी करतात, माती आणि खडे वेगळे काढतात. हा टप्पा साधा वाटतो, पण शेतातून आलेल्या मालातली वाळू यंत्रं खाऊन टाकते.

२. कुलूप तोडणं. याला प्रीट्रीटमेंट म्हणतात. साधारण १६० ते २०० अंश सेल्सिअसची वाफ, दाब आणि बहुतेक वेळा सौम्य आम्ल वापरून लिग्निनची पकड सैल करतात. सगळ्यात जास्त ऊर्जा आणि कटकट इथेच. उष्णता कमी पडली तर कुलूप उघडत नाही, जास्त झाली तर साखरच करपते आणि पुढच्या सूक्ष्मजीवांना मारक ठरणारे पदार्थ तयार होतात.

३. माळ तोडणं. आता एन्झाइमची पाळी. सेल्युलेज नावाची एन्झाइम सुमारे ५० अंशाला दोन-तीन दिवस काम करून सेल्युलोजचं ग्लुकोज करतात.

४. आंबवणं. यीस्ट ग्लुकोज खाऊन इथेनॉल देतं. पण हेमिसेल्युलोजमधून निघणारी झायलोज ही साखर साध्या यीस्टला पचत नाही. त्यासाठी खास विकसित केलेलं यीस्ट लागतं, नाहीतर साखरेचा मोठा हिस्सा वाया जातो.

५. ऊर्ध्वपातन. इथून पुढे सगळं साखर कारखान्याच्या डिस्टिलरीसारखंच. मागे उरलेलं लिग्निन बॉयलरमध्ये जाळून वाफ करतात.

अशा इथेनॉलला "दुसऱ्या पिढीचं" किंवा २जी इथेनॉल म्हणतात. उसाचा रस, मळी, मका, तांदूळ यांच्यापासून होतं ते पहिल्या पिढीचं. भारताने २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला, तो जवळपास सगळा या पहिल्या पिढीच्या जोरावर. पण त्यात अन्न आणि इंधन यांची ओढाताण असते. पाऊस कमी झाला तेव्हा, डिसेंबर २०२३ मध्ये, केंद्र सरकारला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणावे लागले होते. काडीपासूनच्या इथेनॉलचं आकर्षण इथेच आहे. काडी कुणाच्या ताटातली नाही.

तंबू खाणारी बुरशी

सेल्युलोज फोडणारी एन्झाइम सापडली कशी, ही गोष्ट कापसाशीच जोडलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातल्या सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू आणि कापडी सामान भराभर कुजू लागलं. शोध घेतल्यावर एक बुरशी सापडली, जी कापूस अक्षरशः खात होती. पुढे तिला ट्रायकोडर्मा रीझी असं नाव मिळालं, तिच्यावर काम करणारे संशोधक एल्विन रीझ यांच्यावरून. सैन्याची शत्रू असलेली ही बुरशी आज जगभरात सेल्युलेज बनवण्यासाठी मुद्दाम वाढवली जाते. ट्रायकोडर्मा हे नाव शेतकऱ्यांना नवं नाही. मर रोगावर शेणखतात मिसळतो ती ट्रायकोडर्मा हिचीच चुलत बहीण.

एन्झाइमचा धंदाही जळगावला नवा नाही. १९७८ मध्ये भवरलाल जैन यांनी जळगावचा एक रडतखडत चाललेला केळी पावडरचा कारखाना ३० लाख रुपयांना विकत घेतला आणि तिथे पपईच्या चिकापासून पपेन हे एन्झाइम शुद्ध करायला सुरुवात केली. पपेन प्रथिनं फोडतं, सेल्युलोज नाही. पण शेतातल्या चिकट पांढऱ्या द्रवातून निर्यातीचा माल होऊ शकतो, हे खान्देशाने तेव्हाच पाहिलं होतं.

भारतात हे कुठे झालंय?

महाराष्ट्राचा यात मोठा वाटा आहे. मुंबईच्या आयसीटीमधल्या केंद्राने विकसित केलेल्या तंत्रज्ञानावर २०१६ मध्ये उत्तराखंडातल्या काशीपूरला रोज १० टन बायोमास वापरणारा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू झाला. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने २०१७ मध्ये दौंड तालुक्यात आपला प्रात्यक्षिक प्रकल्प उभा केला. प्राजच्याच तंत्रज्ञानावर इंडियन ऑइलने हरियाणातल्या पानिपतला ९०० कोटी रुपयांहून अधिक खर्चून मोठा प्रकल्प बांधला. १० ऑगस्ट २०२२ ला त्याचं उद्घाटन झालं. वर्षाला सुमारे २ लाख टन भाताचा पेंढा आणि त्यातून सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल, असं त्याचं गणित मांडलेलं आहे. आसाममध्ये नुमालीगडला बांबूपासून इथेनॉल करणाऱ्या प्रकल्पाचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं.

हेच गणित खान्देशाला लावून पाहू. २ लाख टनांना भागायचं तर हेक्टरी दोन-अडीच टनांनी ८० हजार ते १ लाख हेक्टरमधली सगळीच्या सगळी पऱ्हाटी लागेल. म्हणजे जळगाव जिल्ह्याच्या कपाशीच्या जवळपास पाचव्या हिश्श्यातली प्रत्येक काडी. तीही पऱ्हाटी उपटण्याच्या दोन-तीन महिन्यांत गोळा करून वर्षभर पावसापासून, आगीपासून जपायची. कागदावर १३ लाख टन असणं आणि गेटवर २ लाख टन येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जगात काय फसलं?

अमेरिकेत ड्यूपाँटने आयोवा राज्यात मक्याच्या धाटांपासून वर्षाला सुमारे ११ कोटी लिटर इथेनॉल करण्याचा कारखाना २०१५ मध्ये सुरू केला. दोन वर्षांत तो बंद झाला. रोमेनियात क्लॅरियंट कंपनीचा गव्हाच्या काडावरचा प्रकल्पही २०२३ च्या अखेरीस बंद पडला. दोन्ही कंपन्यांकडे पैसा होता, शास्त्रज्ञ होते.

ब्राझीलमध्ये रायझेन कंपनीने मात्र उसाच्या बगॅसवर इथेनॉल केलं आणि नंतर आणखी प्रकल्पही उभारले. एक मोठा फरक असा, की बगॅस गोळा करायला शेतात जावं लागत नाही. ऊस गाळला की ते कारखान्याच्या आवारातच पडलेलं असतं, धुतलेलं आणि चिरडलेलं.

ड्यूपाँटच्या त्या बंद कारखान्याचं पुढे काय झालं, हेही बघण्यासारखं आहे. २०१८ मध्ये जर्मनीच्या व्हर्बिओने तो घेतला आणि तिथे धाटांपासून बायोगॅस करायला घेतला. याच कंपनीने पंजाबातल्या लेहरागागाला भाताच्या पेंढ्यापासून रोज ३३ टन कॉम्प्रेस्ड बायोगॅस देण्याच्या क्षमतेचा प्रकल्प उभारला, तो २०२२ मध्ये सुरू झाला. महागड्या एन्झाइमऐवजी तिथे सूक्ष्मजीवच सगळं काम करतात. हळू, पण स्वस्तात.

मग पऱ्हाटीचं आज काय करता येतं?

ब्रिकेट आणि पेलेट. बाजारात "पांढरा कोळसा" म्हणतात तो हाच. पऱ्हाटीचा भुगा प्रचंड दाबाखाली दाबून विटा किंवा गोळ्या करतात. गंमत म्हणजे इथे लिग्निन खलनायक नसतो. दाबाच्या उष्णतेने तो मऊ होतो आणि स्वतःच डिंकाचं काम करतो, वेगळा चिकट पदार्थ घालावा लागत नाही. पऱ्हाटीतून किलोला सुमारे ४,००० किलोकॅलरी उष्णता मिळते, म्हणजे आपल्याकडच्या साधारण प्रतीच्या कोळशाच्या जवळपास.

ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने कोळशावरच्या वीजकेंद्रांसाठी कोळशासोबत बायोमास पेलेट जाळण्याचं धोरण आणलं. सुरुवातीचं प्रमाण बहुतेक केंद्रांसाठी ५ टक्के. भुसावळजवळचं दीपनगर हे खान्देशातलं कोळशावरचं मोठं वीजकेंद्र. ग्राहक इतक्या जवळ असणं ही पऱ्हाटीसाठी मोठी गोष्ट ठरू शकते.

पार्टिकल बोर्ड. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, म्हणजे सिरकॉटने, पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड बनवण्याचं तंत्र विकसित केलं आहे. ब्रिकेट, पेलेट आणि पऱ्हाटीचं लवकर कंपोस्ट करण्यावरही तिथे काम झालं आहे.

शेतातच कुट्टी. ट्रॅक्टरच्या श्रेडरने पऱ्हाटी बारीक करून जमिनीत मिसळणं. यात विकायला काही मिळत नाही, पण जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो.

बोंडअळीचा मुद्दाही इथेच येतो. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने राज्यातल्या कपाशीचं केलेलं नुकसान शेतकरी विसरलेले नाहीत. पऱ्हाटी बांधावर रचून ठेवली की तिच्यावरच्या किडक्या बोंडांत अळी पुढच्या हंगामाची वाट बघत बसते. म्हणून फरदड घेऊ नका, पऱ्हाटी वेळेत काढा, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. पऱ्हाटीला भाव मिळाला तर ती वेळेत निघेल. पण एखादा कारखाना तीच पऱ्हाटी गावाजवळ महिनोन्‌महिने न कुटता साठवत असेल, तर अळीलाही गोदाम मिळालं असं समजा.

आणि केळीच्या खोडाचं?

इथे ती ९० टक्के पाण्याची ओळ आठवा. दहा टन खोड वाहून नेलं तर नऊ टनांहून जास्त पाण्याचं भाडं भरलं. खोड वाळवून जाळणं किंवा लांबच्या कारखान्यात नेणं म्हणूनच परवडत नाही. जे करायचं ते बागेजवळ.

गुजरातच्या नवसारी कृषी विद्यापीठाने यावर सविस्तर काम केलं आहे. खोड यंत्रात घालून धागा काढायचा, पिळून निघालेल्या रसापासून द्रवरूप खत करायचं, आतल्या गाभ्यापासून कँडी आणि उरलेल्या चोथ्याचं गांडूळखत. विचार असा, की एकट्या धाग्यावर धंदा उभा राहत नाही, चारही गोष्टी विकल्या तर राहू शकतो. कारण ओल्या खोडाच्या वजनाच्या जेमतेम एक टक्का धागा हाती येतो. रीलमध्ये धागा दिसतो, उरलेले ९९ टक्के दिसत नाहीत.

ओला माल बायोगॅसला मात्र चालतो, तिथे पाणी लागतंच. कोरड्याला भट्टी, ओल्याला टाकी, हा साधा नियम.

एक सावधगिरी: सीएमव्हीसारख्या विषाणूने ग्रासलेली झाडं एका गावातून दुसऱ्या गावात नेणं धोक्याचं. ती जागेवरच नष्ट करावी लागतात.

पैसे कुणाला, तोटा कुणाला?

शेतकऱ्याचा प्रश्न सरळ आहे: उपटायची मजुरी, कुट्टी आणि भाडं वजा जाऊन हातात काय उरतं? भाव "गेटवर" सांगितला असेल तर उत्तर अंतरावर ठरतं. मोकळी पऱ्हाटी भरलेली ट्रॉली डोंगराएवढी दिसते आणि काट्यावर निराशा करते. म्हणून गावपातळीवर कुट्टी करून, दाबून मग माल हलवणं हाच शहाणपणाचा मार्ग.

पण एक माणूस या हिशोबात कुठेच दिसत नाही. अनेक गावांत पऱ्हाटी म्हणजे भूमिहीन मजुरांच्या घरचं वर्षाचं जळण. बायका ती उपटतात, मोळ्या बांधून घरी नेतात, शेतकऱ्याचं शेत मोकळं होतं, त्यांची चूल पेटते. गॅसचं कनेक्शन आलं तरी सिलिंडर दर महिन्याला भरून घेणं सगळ्यांना जमत नाही. उद्या पऱ्हाटीला टनावर भाव आला तर हे फुकटचं जळण आधी बंद होईल. योजना आखताना या घरांचा विचार झाला नाही, तर "शाश्वत" हा शब्द अर्धाच खरा ठरेल.

दुसरा तोटा जमिनीचा. केळीच्या खोडात भरपूर पालाश असतं. सगळं खोड बाहेर गेलं तर तेच पालाश पोत्यातून विकत आणावं लागेल. म्हणून काही भाग शेताला परत मिळालाच पाहिजे.

पुढच्या वेळी असा रील दिसला तर हे पाच प्रश्न विचारा

1. माल कोरडा आहे की ओला? ओला असेल तर वाहतूक कोण करतंय?
2. सांगितलेला भाव शेतातला आहे की कारखान्याच्या गेटवरचा?
3. प्रकल्प प्रात्यक्षिकाचा आहे की वर्षानुवर्षं चाललेला?
4. मुख्य उत्पादन सोडून उरलेल्या मालाचं काय होतं?
5. आज हा माल कोण वापरतंय, आणि उद्या त्याला काय मिळणार?

पाचही प्रश्नांची उत्तरं मिळाली तर रील जरूर शेअर करा. आणि यंत्र विकत घ्यायचा विचार असेल, तर आधी ते चालवणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याकडे जाऊन त्याची मागच्या हंगामाची विक्रीची बिलं बघा. काडीत साखर आहे, हे विज्ञानाने सिद्ध केलंय. ती गोड कुणाला लागणार, हे ट्रॉलीचं भाडं, गावातलं कुट्टी यंत्र आणि खरेदीचा लेखी करार ठरवतील.